चंद्र ऐकलेली पिढी

कोल्हापुरात सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारून बघा, चंद्रावर पहिला माणूस उतरला तेव्हा तुम्ही कुठं होता? तीन उत्तरं हमखास येतात. एक, 'टीव्हीवर बघितलं की!' दुसरं, 'माडीवर बसून चंद्राकडं बघत रेडिओ ऐकला.' आणि तिसरं, 'वीस जुलैची रात्र होती ती.' सांगणारे काही थापा मारत नसतात. पण तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. ती कुठं चुकतात हे धागा धागा सोडवत बघितलं, की त्या दिवशी खरं काय ऐकू आलं असणार हे बऱ्यापैकी हाताला लागतं.

आधी टीव्हीचं. १९६९ साली देशात दूरदर्शन होतं ते फक्त दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर माणसं उतरलेल्या सहा चांद्रमोहिमांपैकी पाच आटोपल्या होत्या, शेवटची अपोलो १७ तेवढी राहिली होती. परदेशातून उपग्रहामार्फत येणारं चित्र घेणारं पुण्याजवळच्या आर्वीचं केंद्र १९७१ चं. तेव्हा महाद्वार रोडवर काय, राजारामपुरीत काय, शिडीवरून पाय खाली टाकणारी ती पांढुरकी आकृती त्या सकाळी कुणालाच दिसलेली नाही. ती दिसली मागाहून, कधी सिनेमाच्या आधीच्या वार्तापटात, कधी ऐंशीच्या दशकात घरात टीव्ही आल्यावर. मनाने ते चित्र उचलून जुन्या आवाजावर चिकटवून टाकलं. आता ते सुटं करायचं म्हटलं तरी होत नाही.

तारखेचा घोळ वेळेच्या फरकातून येतो. अमेरिकेतली वर्णनं पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी घड्याळाने लिहिलेली असतात. ते घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. मोहिमेचं नियंत्रण जिथून चालायचं त्या ह्यूस्टनचं साडेदहा तास मागे. अपोलो ११ चं ईगल हे यान उतरलं तेव्हा ग्रिनिचला २० जुलैच्या रात्रीचे ८ वाजून १७ मिनिटं झाली होती, अमेरिकेत रविवारची दुपार होती आणि कोल्हापुरात सोमवार, २१ जुलैचे पहाटेचे १ वाजून ४७ मिनिटं. नील आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं ते आपल्याकडं सोमवारी सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. दोन्ही घटना आपल्या एकवीस तारखेच्या. वीस तारीख आपल्या डोक्यात आली ती पुस्तकांतून.

आता चंद्राकडं बघत ऐकल्याची गोष्ट. उतरण्याची जागा अशी निवडली होती की तिथं नुकताच सूर्य उगवलेला असावा, म्हणजे खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि वरून जमीन वाचता येते. त्यामुळं पृथ्वीवरून बघताना ती वेळ शुक्ल पक्षातल्या षष्ठी-सप्तमीच्या सुमाराची असणार हे ठरलेलंच होतं. अशा तिथीचा चंद्र रात्री अकरा-साडेअकराला मावळतो. रविवारी रात्री तो रंकाळ्यापलीकडं खाली गेला, आणि त्यानंतर अडीच-पावणेतीन तासांनी ईगल उतरलं. सकाळी आठ सव्वीसला तर चंद्र उगवलेलासुद्धा नव्हता, तो दुपारी बाराच्या आसपास वर येणार होता. म्हणजे उतरताना आणि पाऊल टाकताना, दोन्ही वेळा चंद्र कोल्हापूरच्या आकाशात नव्हताच.

तरीही ही आठवण अगदीच निराधार म्हणता येत नाही. ईगल चंद्रावरून परत उडालं ते आपल्या सोमवारी रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी. त्या दिवशी चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळत होता. म्हणजे सोमवारी दिवेलागणीपासून सव्वाअकरापर्यंत आकाशात चंद्र होता आणि त्या चंद्रावर दोन जिवंत माणसं होती. ढगांनी वाट दिली असेल तर कोल्हापूरकराला 'आत्ता तिथं माणूस आहे' असं म्हणत वर बघायची संधी होती ती या चार-साडेचार तासांची. चंद्र जवळजवळ अर्धा होता. उजळ भागात, उजेड-अंधाराच्या रेषेच्या जरा अलीकडं आणि वर-खाली बघितलं तर साधारण मध्यावर, प्रशांतीचा समुद्र म्हणतात तो काळपट पट्टा दिसतो. नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. ईगल त्याच्या नैर्ऋत्य कडेला उभं होतं. माडीवर बसून बघितल्याची आठवण खरी असेल तर ती या सोमवार रात्रीची. आणि त्याच रात्री सुमारे ९ वाजून २० मिनिटांनी रशियाचं लूना १५ हे मानवरहित यान चंद्रावर आदळून संपलं. वर बघणाऱ्या कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

तो आठवडाच विलक्षण होता. शनिवारी, १९ जुलैला, वटहुकूम निघून १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि इंदिरा गांधी रात्री रेडिओवरून बोलल्या. त्या चौदांत बँक ऑफ महाराष्ट्रही होती, म्हणजे इकडच्या व्यापाऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या पासबुकापर्यंत बातमी येऊन थडकली होती. रविवारी व्ही. व्ही. गिरींनी हंगामी राष्ट्रपतिपद सोडलं. त्यामुळं लक्ष्मीपुरीतल्या चहाच्या हॉटेलात सोमवारी फक्त चंद्राचीच चर्चा होती असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. ठेवींचं काय होणार हा प्रश्न चंद्रापेक्षा जवळचा होता.

म्हणून मला ही सगळी गोष्ट रेडिओच्या बाजूने सांगावीशी वाटते. काय ऐकू आलं हे घरात कुठला सेट होता, तार कशी बांधली होती आणि वीज कशी होती यावर ठरत होतं. हे तपशील कुणी लिहून ठेवत नाही, आणि खरं तर आठवणीची कसोटी तेच लावतात.

सेट बाळगायला परवाना लागायचा. पोस्टात वर्षाला १५ रुपये भरायचे आणि पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. दोन जातीचे सेट घरात असत. एक व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असलेला, मर्फी, फिलिप्स, बुश, एच.एम.व्ही. वगैरे, कपाटावर क्रोशाचं झाकण घालून ठेवलेला. दुसरा ट्रान्झिस्टर, जो साठच्या दशकाच्या मध्यापासून खेड्यापाड्यांत पोचायला लागला होता. मिडियम वेव्हवर सांगली केंद्र, १९६३ साली सुरू झालेलं, कोल्हापुरात दिवसा खणखणीत लागायचं. पण तिथं मिळायच्या त्या बातम्या. उतरतानाचे संवाद जसे घडत होते तसे ऐकायचे तर शॉर्ट वेव्हवर जावं लागे. व्हॉइस ऑफ अमेरिका आणि बी.बी.सी. दोघांनीही मोहिमेचं थेट प्रक्षेपण केलं. व्हॉइस ऑफ अमेरिकेचे फेरप्रक्षेपक फिलिपिन्ससारख्या ठिकाणी होते, त्यामुळं आपल्याकडं येणारी लाट दरवेळी थेट अमेरिकेतूनच येत होती असं नाही.

शॉर्ट वेव्हला एरियल हवीच. चांगली एरियल म्हणजे तांब्याच्या सात पिळांची उघडी तार, तीस-चाळीस फूट, दोन टोकांना चिनी मातीचे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर, जमिनीपासून जितकी उंच तितकी बरी. विजेच्या तारेला समांतर गेली की गुणगुण येणार. पत्र्याच्या छपरापासून हातभर वर ठेवली तर पत्राच निम्मा सिग्नल खाणार. मंगलोरी कौलांच्या घरात हा प्रश्न नव्हता. ज्यांना वर चढणं जमत नव्हतं ते खोलीतल्या खोलीत, तुळईपासून तुळईपर्यंत जाळीची पट्टी ताणायचे. दिसायला ती छान, मिडियम वेव्हला पुरेशी, पण २५ मीटरवर (शॉर्ट वेव्हचे पट्टे लाटेच्या लांबीने, मीटरांत ओळखले जायचे) दूरचं स्टेशन धरायचं तर बाहेरच्या तारेची सर तिला नाही. खाली येणारी तार जिथं एरियलला जोडायची तिथं नुसती पिळून चालत नाही, झाळून डाग द्यावा लागतो. पावसाळ्यात पिळलेल्या सांध्यावर हिरवट थर चढतो, मग वारा आला की खरखर, वारा थांबला की शांत. मेकॅनिक सेट उघडून तास घालवणार आणि दोष माडीवर.

अर्थ, म्हणजे सेटला जमिनीशी जोडणारी तार, त्याहून दुर्लक्षित. नळाच्या लोखंडी पाइपवरचा रंग खरवडून पट्टीने तार आवळली की भागत असे. नळ लांब असेल तर अंगणात तीन-साडेतीन फुटांचा खड्डा, तळाला तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी. जुलैत पाणी घालायची गरज नाही, कोल्हापूरची जमीन तेव्हा भिजलेलीच असते, आणि चंद्राच्या आठवड्यात अर्थ उत्तम लागली असणार यात मला शंका नाही. एक इशारा मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे. ज्या सेटच्या पाठीवर ए.सी./डी.सी. लिहिलेलं असतं त्याला मेनचा ट्रान्सफॉर्मर नसतो, त्याची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेच्या एका वायरशी जोडलेली असते. अशा सेटच्या चासीला अर्थ थेट जोडली तर प्लग उलटा लागताच फ्यूज उडतो. आणि मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून हात घातला तर फ्यूजपेक्षा वाईट होतं.

विजांचं म्हणाल तर जुलै त्या बाबतीत बरा महिना. ज्यांना कोल्हापूरचा पाऊस ठाऊक नाही त्यांना वाटतं, पावसाळा म्हणजे रेडिओवर कडकडाट. आपल्याकडं कडकडाट असतो तो एप्रिल-मेच्या वळवाचा आणि पुढं परतीच्या पावसाचा. आषाढातला पाऊस सह्याद्रीवरून येतो तो संथ, दिवसरात्र लागून राहणारा, गडगडाट फारसा न करता. त्यामुळं रेडिओत 'कर्रर्र' कमी. वळवाच्या दिवसांत मात्र एरियलचा खटका अर्थकडं पाडल्याशिवाय झोपायचं नाही, हा नियम पाळणाऱ्यांचेच सेट टिकले.

पावणेदोनला उतरणार, म्हणून दीडला सेट लावला तर उशीर झालेला असतो. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट पुरतो, आवाजही येतो, पण आतल्या ऑसिलेटरची (स्टेशन पकडायला सेट स्वतः लाट बनवतो तो भाग) कॉइल आणि कंडेन्सर तापत राहतात आणि स्टेशन हळूहळू सरकत जातं. पहिली पंधरा-वीस मिनिटं बटणाला हात लावून बसावं लागतं. म्हणून जाणकार एक वाजायच्या आतच सेट लावून ठेवायचा. मिडियम वेव्हवर हे सरकणं जाणवतही नाही. शॉर्ट वेव्हवर सगळी अडचण अशी की सहापासून अठरा मेगासायकलपर्यंतचा (आजच्या भाषेत मेगाहर्ट्झ) पल्ला वीतभर काचेवर बसवलेला असतो. त्यात २५ मीटरचा सगळा पट्टा तीन-चार मिलिमीटरचा, आणि तेवढ्यात वीस-पंचवीस स्टेशनं मावलेली. बोटाने नुसतं टेकलं तरी दोन स्टेशनं मागं पडतात. त्यात डायलची दोरी सैल असेल तर काटा एकीकडं आणि गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन निवडणाऱ्या फिरत्या पाकळ्या, दुसरीकडं. उपाय दोन. दोरीला राळेची पूड लावायची, म्हणजे ती घसरत नाही. आणि स्टेशनवर नेहमी एकाच बाजूने यायचं, पुढं गेलं तर पुरतं मागं जाऊन परत यायचं. बाकी दोरी उंदरांनी आणि झुरळांनी खाल्लेली असली तर राळ तरी काय करणार.

हिरवा डोळा, मॅजिक आय, असलेले सेट भाग्यवान. डोळ्याच्या दोन हिरव्या पट्ट्या जितक्या जवळ तितकं स्टेशन नेमकं लागलेलं. नसेल तर कानावर भागवायचं: स्टेशनच्या मधोमध आलं की आवाज खर्जात, जाडसर होतो. बाजूला सरकलं की चिरका आणि सकारांनी भरलेला.

मग येतं ते फसवं स्टेशन. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्रत्येक स्टेशन आत आल्यावर ज्या एका मधल्या वारंवारितेवर आणलं जातं ती साधारण ४५५ किलोसायकल असते. तिच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ९१० किलोसायकल खाली तेच स्टेशन पुन्हा ऐकू येतं. ज्याच्यावर काटा आहे ते खरं की त्याची छाया, हे ओळखायचं असेल तर वरच्या बाजूला सुमारे एक मेगासायकल जाऊन बघायचं. तिथं तेच आणखी जोरात लागलं तर तुम्ही छायेवर बसला होता. छायेवर बसणाऱ्याच्या वाट्याला शिट्टी ठरलेली, कारण तिथं खरं दुसरंच कुणीतरी असतं.

पहाटे पावणेदोनला २५, ३१ किंवा ४१ मीटर लावायचं, सकाळी आठनंतर १९ मीटरकडं जायचं. कारण असं की लाट परत जमिनीकडं वळवणारा वरच्या हवेतला थर सूर्यावर जगतो. रात्री तो विरळ होतो आणि वरच्या पट्ट्यांतल्या लाटा भोक पडल्यासारख्या आरपार निघून जातात. दिवसा तो दाट होतो, तेव्हा वरचे पट्टे वळतात आणि खालचे मात्र वाटेतच शोषले जातात. त्यातून १९६८ च्या अखेरीस सूर्यावरच्या डागांचं चक्र शिखरावर येऊन गेलं होतं, म्हणून १९६९ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात वरचे पट्टे नेहमीपेक्षा उशिरापर्यंत जिवंत राहायचे. शॉर्ट वेव्ह ऐकायला ती चांगली वर्षं होती. तरी आवाज खाली-वर होणारच. एकच लाट दोन वाटांनी येते, दोघी एकमेकींना कधी पोसतात, कधी खातात. त्यावर बटणाचा इलाज नाही. तेच प्रक्षेपण दुसऱ्या मीटरवर शोधून ठेवायचं आणि एक बुडालं की तिकडं उडी मारायची, एवढंच.

वीज कमी-जास्त होण्याचं वेगळंच. दाब उतरला की दिवा मंदावतो ते दिसतं. रेडिओत काय होतं ते दिसत नाही. सेटच्या पाठीवर व्होल्टेजची खुंटी असते, २००, २२०, २४५ अशी. ती २४५ वर असताना दाब दोनशेच्या खाली गेला की ऑसिलेटर वरच्या पट्ट्यात बंद पडतो. मिडियम वेव्ह वाजतेय, १९ मीटर मेल्यासारखं गप्प. माणसाला वाटतं अमेरिकेने प्रक्षेपण थांबवलं. पहाटे मात्र भार नसतो, दाब पुरता असतो, ट्यूबलाइटांचे चोकही बंद. त्या दृष्टीने पावणेदोनची वेळ कोल्हापूरला लाभलेलीच म्हणायची.

ट्रान्झिस्टरवाल्यांची मदार सेलवर. सेल म्हातारे झाले की आवाज नुसता कमी होत नाही, वाढवायला गेलं की 'बुड बुड बुड' करत फाटतो, कारण सेलचा आतला रोध वाढलेला असतो आणि प्रत्येक मोठ्या आवाजाला दाब कोसळतो. उन्हात ठेवून सेलला जरा धुगधुगी आणायची युक्ती घराघरांत होती. जुलैत ऊन कुठलं? चुलीच्या उबेला ठेवायचे. तासभर चालायचे, मग पुन्हा तेच.

इतकं सगळं जुळून आलं तर काय ऐकू यायचं? मुळात इंग्रजी, तेही वैमानिकांचं, आकड्यांचं. आर्मस्ट्राँगचा जोडीदार बझ ऑल्ड्रिन उंची फुटांत आणि उतरण्याचा वेग सेकंदाला फूट असा वाचत होता, आर्मस्ट्राँग जवळजवळ गप्प होता. मधे संगणकाने १२०२ आणि १२०१ हे इशारे दिले. त्यांचा अर्थ, संगणकावर कामाचा बोजा वाढलाय, बिनमहत्त्वाचं सोडून तो महत्त्वाचं चालू ठेवतोय. ह्यूस्टनच्या खोलीतही तो अर्थ पटकन सांगणारे मोजकेच होते, तेव्हा शिवाजी पेठेत तो कुणाला कळला नाही यात कमीपणा नाही. शेवटी ह्यूस्टनहून 'साठ सेकंद', मग 'तीस सेकंद' असं सांगितलं गेलं. ती उतरण्याची उलट मोजणी नव्हती. उतरायचं की सोडून वर यायचं हे ठरवायला इंधन किती पुरेल त्याचा हिशोब होता तो.

सगळ्यांना आठवतो तो 'बीप'. चंद्रावरून येणारा आवाज म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि तो चंद्रावरून येत नव्हता. ह्यूस्टनमधला माणूस बोलण्याचं बटण दाबायचा तेव्हा पाव सेकंदाचा २५२५ सायकलचा सूर सोडला जायचा, बटण सोडलं की २४७५ सायकलचा. जगभरच्या अँटेना केंद्रांतले प्रक्षेपक त्या सुरांवर चालू-बंद व्हायचे. म्हणजे बीप ही जमिनीवरच्या तारांची भानगड. नीट कान देऊन ऐकलं तर पहिला सूर किंचित उंच आणि दुसरा किंचित खाली असतो. घरगुती सेटमधून अडीच हजार सायकलचा सूर मजेत पार होतो, त्यामुळं बाकी सगळं खरखरीत बुडालं तरी बीप तेवढा यायचा. चंद्राचा खरा पुरावा दुसरीकडं होता: ह्यूस्टनने काही विचारलं की उत्तराआधी अडीच-पावणेतीन सेकंदांची पोकळी. आवाजाला जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद. मधेच ह्यूस्टनचं स्वतःचं वाक्य चंद्रावरून परत येऊन पुसट ऐकू यायचं. ज्याने ती पोकळी आणि तो प्रतिध्वनी लक्षात ठेवलाय त्याने थेट प्रक्षेपण ऐकलं, असं मी बेलाशक मानतो.

सकाळच्या प्रसंगाने पुष्कळांना हुलकावणी दिली. मूळ आराखड्यात उतरल्यावर अंतराळवीरांनी झोप काढायची आणि मग बाहेर पडायचं असं होतं. त्या हिशोबाने बाहेर पडण्याची वेळ आपल्या दुपारच्या आसपास येत होती. प्रत्यक्षात त्यांनी झोप पुढं ढकलली. आपल्या सकाळी ८ वाजून ९ मिनिटांनी दार उघडलं, ८.२६ ला पाऊल पडलं आणि १०.४१ ला दार परत बंद झालं. सोमवार, शाळा-कचेरीची घाई. दुपारच्या भरवशावर जे बाहेर पडले त्यांना बातमी रस्त्यात कळली. हॉटेलांतले आणि तालमींतले रेडिओ ही त्या सकाळी मोठीच सोय.

छापील कागद तर आणखी मागं. पहाटे पावणेदोनची घटना शहराच्या शेवटच्या आवृत्तीत कशीबशी धरता येते, पण परगावी जाणाऱ्या डाक आवृत्त्या त्याच्या कितीतरी आधी छापून निघालेल्या असतात. मुंबई-पुण्याचा पेपर हातात येणाऱ्यांना सोमवारी 'उतरणार' वाचायला मिळालं असेल तर नवल नाही. बुटाच्या ठशाचा तो प्रसिद्ध फोटो तर त्या आठवड्यातला असूच शकत नाही. ती फिल्म यानाबरोबर परत आली, यान समुद्रात उतरलं आपल्या २४ जुलैच्या रात्री १० वाजून २० मिनिटांनी, आणि मग ती धुतली गेली.

पुढच्या मोहिमांची वेळ पाहिली तर गंमत दिसते. अपोलो १२ आपल्या दुपारी साडेबाराच्या आत उतरलं, १४ दुपारी पावणेतीनला, १६ सकाळी आठच्या आत. ऐकायला पहिल्यापेक्षा कितीतरी सोयीच्या वेळा. पण त्यांच्या आठवणी कुणी सांगत नाही. अपोलो १३ तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं, ते उतरलंच नाही म्हणून.

घरातल्या आबांची, आजीची आठवण टिपून ठेवायची असेल तर 'कसं वाटलं' हे विचारू नका, उत्तर सगळ्यांचं एकच येतं. 'आबा, सेट कुठला होता? कुठं ठेवलेला? एरियल कोण बांधायचं? ऐकलं तेव्हा अंधार होता का उजाडलेलं? बोलणारा इंग्रजी का हिंदी?' असं विचारा. उजाडलेलं होतं म्हणाले तर पाऊल ऐकलं. अंधार आणि आकडे आठवत असतील तर उतरणं ऐकलं. 'कॅप्टनसारखा कुणीतरी भराभर आकडे म्हणत होता' असं एखादी आजी सांगते तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं हीच तिच्या साक्षीची ताकद असते.

२०१९ साली ७ सप्टेंबरला चांद्रयान-२ चा विक्रम उतरणार होता तोही पहाटे पावणेदोनच्या पुढं, जवळजवळ त्याच घडीला, आणि सुमारे दोन किलोमीटर उंचीपर्यंत सगळं सुरळीत होतं, मग संपर्क तुटला. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहानंतर चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं. तेव्हा एकाच गल्लीत टाळ्या तीनदा वाजल्या: आधी टीव्हीवाल्या घरात, मग कुठल्या ॲपवर बघणाऱ्यांत, शेवटी ज्याच्या मोबाइलचं नेट रडत होतं त्याच्याकडं. इंटरनेटवर चित्र तुकड्या-तुकड्यांनी साठवून पुढं ढकललं जातं, म्हणून हा उशीर. १९६९ च्या शॉर्ट वेव्हला खरखर होती, पण साठवण नव्हती. सेट ज्याच्या घरी लागला त्या सगळ्यांनी ते एकाच क्षणी ऐकलं.

तो सेट अजून माळ्यावर असेल तर उत्साहाने प्लग खुपसू नका. साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब सेटच्या एका वायरीत सिरीजमध्ये घ्या. चालू केल्यावर बल्ब क्षणभर झगमगून मंद झाला तर ठीक. भगभगीतच राहिला तर फिल्टर कंडेन्सर बसलाय किंवा ट्रान्सफॉर्मर गेलाय, लगेच बंद करा. बल्ब मंद राहिला तरी पूर्ण दाब देण्याआधी आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जाणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर बदलून घ्या. पन्नास वर्षांत तो गळका झालेला असतोच, आणि त्या गळतीने व्हॉल्व्हची प्लेट लाल होते, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. नवा कंडेन्सर चारशे व्होल्टचा घ्या, सहाशेचा मिळाला तर उत्तम. बँड स्विचच्या पितळी पाकळ्यांवरची काजळी स्पिरिटने पुसा, सँडपेपर लावू नका, चांदीचा मुलामा निघून जातो.